सांगलीतील एंडोस्कोपी केंद्र : तपासणी उत्तम, तपासणीनंतरची काळजी अपुरी

सांगली-मिरज रस्त्यावरील एका खासगी एंडोस्कोपी केंद्रात माझ्या सासऱ्यांची गेल्या वर्षी दोनदा दुर्बिणीतून पोटाची तपासणी झाली. पहिली जूनमध्ये आणि दुसरी ऑगस्टच्या अखेरीस. पहिल्या तपासणीनंतर त्यांना न्यूमोनिया झाला आणि सहा दिवस मिरजेच्या एका रुग्णालयात काढावे लागले. तरीही दुसऱ्या तपासणीसाठी आम्ही त्याच केंद्रात गेलो, आणि ते का, हे कळण्यासाठी दोन्ही भेटींबद्दल सविस्तर लिहावे लागेल. केंद्राचे किंवा डॉक्टरांचे नाव मी येथे देत नाही. माझी तक्रार मी त्यांच्याकडे लेखी दिलेली आहे. ज्यांच्या घरातील वयस्कर माणसाची अशी तपासणी ठरली आहे, त्यांना या अनुभवाचा उपयोग व्हावा एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

माझे सासरे, ज्यांना घरात आणि गावात सगळे अण्णा म्हणतात, ७१ वर्षांचे आहेत. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे आणि बेदाण्याचे शेड आहे. त्यांना १४ वर्षांपासून मधुमेह आहे आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. फेब्रुवारीपासून त्यांना छातीत जळजळ होत होती, दोन घास जास्त झाले की पोट गच्च वाटत होते आणि जेवण कमी झाले होते. परंतु बेदाण्याचा हंगाम अंगावर असल्यामुळे त्यांनी ते कोणाला सांगितले नाही. सौदे आटोपल्यावर त्यांचा सदरा खांद्यावर लोंबू लागला तेव्हा आमच्या लक्षात आले. वजन पाच किलोने उतरले होते आणि हिमोग्लोबिन ९ वर आले होते. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की साठीच्या पुढच्या माणसाचे वजन उतरत असेल आणि रक्त कमी होत असेल, तर ॲसिडिटीच्या गोळ्या देऊन वाट पाहण्यात अर्थ नाही; आधी दुर्बीण घालून आत काय आहे ते बघितले पाहिजे. त्यांनीच हे केंद्र सुचवले.

फोनवर वेळ मिळाली ती सकाळी साडेनऊची. रात्री दहानंतर काही खायचे नाही, एवढीच सूचना होती. रुग्णाचे वय काय, इतर आजार कोणते, गोळ्या कोणत्या चालू आहेत, यांपैकी एकही प्रश्न विचारला गेला नाही. मी स्वतःहून मधुमेहाचा विषय काढला, तेव्हा मात्र स्वागतकक्षातील मुलीने डॉक्टरांना विचारून दहा मिनिटांत परत फोन केला आणि सांगितले, की साखरेची गोळी त्या सकाळी घ्यायची नाही आणि रक्तदाबाची गोळी पहाटे घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. माहिती बरोबर होती, पण ती मी विचारल्यामुळे मिळाली. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे अनेक वृद्ध आपल्याकडे आहेत, आणि आतून तुकडा काढावा लागला तर रक्तस्राव किती होईल, हे काही अंशी त्या गोळ्यांवर अवलंबून असते. तेव्हा हा प्रश्न फोनवरच विचारला जाणे अत्यावश्यक आहे.

प्रत्यक्षात आमचा नंबर लागला तो सव्वाबारा वाजता. मधुमेही माणूस १४ तास उपाशी होता. मी सिस्टरांना विनंती केल्यावर त्यांनी लगेच बोटातून रक्त घेऊन साखर तपासली, ती ८२ निघाली, आणि त्यानंतर त्यांनी आम्हाला रांगेत दोन नंबर पुढे घेतले. त्या सिस्टरांचे मला मनापासून कौतुक वाटते. मधुमेही रुग्णांना सकाळची पहिली वेळ द्यावी, एवढा साधा नियम केंद्राने केला असता, तर ही विनंती करावीच लागली नसती.

संमतीपत्राबद्दल मात्र मला कडक शब्दांतच लिहावे लागेल. तीन पानांचा तो कागद संपूर्ण इंग्रजीत होता आणि तो काउंटरवर उभे राहून, मागे पाच माणसे थांबलेली असताना सही करण्यासाठी पुढे सरकवण्यात आला. अण्णा सातवी शिकलेले आहेत, रोजचे वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात आणि बँकेचा कागदही वाचल्याशिवाय त्यावर सही करत नाहीत. त्यांनी तो कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि माझ्याकडे बघून विचारले, "यात काय लिहिलंय गं?" मी शिक्षिका आहे, म्हणून उभ्या उभ्या त्यांना सांगू शकले, की तपासणीत क्वचित रक्तस्राव होतो, अन्ननलिकेला किंवा जठराला छिद्र पडू शकते, गुंगीच्या औषधाने श्वास मंदावू शकतो, आणि घशातले काही फुप्फुसात जाऊ शकते. या शेवटच्या वाक्यापाशी मी थांबले नाही. तेव्हा मला ते यादीतले एक वाक्य वाटले होते.

आता तपासणीविषयी. तिच्याबद्दल मला एकही उणा शब्द लिहायचा नाही. आत नेण्यापूर्वी सिस्टरांनी अण्णांची कवळी काढून घेतली, ती नाव लिहिलेल्या स्टीलच्या वाटीत ठेवली आणि वाटी माझ्या हातात दिली. घशात बधिर करणाऱ्या लिग्नोकेन या औषधाचा फवारा मारला, हाताला सलाइनची सुई लावून मिडाझोलमचे गुंगीचे इंजेक्शन दिले, बोटाला ऑक्सिजन मोजणारे यंत्र लावले आणि डाव्या कुशीवर झोपवून दातांमध्ये प्लॅस्टिकची कडी बसवली. दार अर्धवट उघडे असल्यामुळे हे मला दिसत होते. त्याच दारातून पलीकडची धुण्याची जागाही दिसत होती. तेथील तंत्रज्ञ आधीच्या रुग्णाची दुर्बीण लांब ब्रशने आतून घासत होता. मी विचारल्यावर त्याने न कुरकुरता सांगितले, की घासून धुतल्यावर ती २ टक्के ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकात २० मिनिटे बुडवून ठेवतात, मग स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवतात, आणि त्यांच्याकडे तीन दुर्बिणी असल्यामुळे घाई करावी लागत नाही. टबाशेजारी वेळ लावलेले घड्याळ टिकटिकत होते. रोज डझनभर रुग्णांच्या घशातून जाणाऱ्या नळीच्या बाबतीत हे पाहून मला फार धीर आला, आणि प्रत्येक नातेवाइकाने हा प्रश्न निःसंकोच विचारावा असे मला वाटते.

तपासणी नऊ मिनिटांत संपली. डॉक्टरांनी मला आत बोलावून पडद्यावरची छायाचित्रे दाखवली. जठराच्या खालच्या भागात साधारण आठ मिलिमीटरचा अल्सर होता, पांढरट तळाचा आणि भोवती लालसर कडा असलेला. कडेचे सहा तुकडे बायोप्सीसाठी काढले होते. आणखी एक तुकडा वेगळ्या तपासणीच्या पिवळ्या द्रावणात टाकला होता आणि मी तेथे उभी असतानाच त्या द्रावणाचा रंग गुलाबी होऊ लागला. अल्सरला कारणीभूत ठरणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू जठरात असल्याची ती खूण, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. अण्णा खर्ड्याला दोष देत होते आणि सासूबाई त्यांच्या काळजी करण्याच्या स्वभावाला. पूर्वी वैद्यकशास्त्रही जवळपास तसेच मानत होते. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये हा जिवाणू वेगळा करून दाखवला, त्यानंतर ते मत हळूहळू बदलले, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. डॉक्टरांनी १४ दिवसांचा औषधांचा कोर्स लिहून दिला, तो कोणत्याही कारणाने मध्येच सोडायचा नाही असे दोनदा बजावले, आणि जठरातला अल्सर असल्यामुळे तो पूर्ण भरला की नाही हे पाहण्यासाठी आठ-दहा आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण करावी लागेल, हेही सांगितले. इतके स्पष्ट आणि शांतपणे बोलणारे डॉक्टर मला फार कमी भेटले आहेत.

यानंतरची पंचवीस मिनिटे मात्र मी विसरू शकत नाही.

गुंगी उतरेपर्यंत थांबण्याच्या खोलीत तीन खाटा होत्या आणि त्या दिवशी रुग्ण होते अकरा. अण्णा खाटेवर जेमतेम पंचवीस मिनिटे पडले असतील, तेवढ्यात तेथील मावशींनी त्यांना खांद्याला हलवून उठवले, कारण पुढचा रुग्ण दारात स्ट्रेचरवर होता. अण्णा डोळे उघडत होते, नाव विचारले तर सांगत होते, पण बोलणे जड येत होते. मी विचारले, घसा अजून बधिर असेल ना, काही द्यायचे का? मावशी म्हणाल्या, "काही होत नाही ताई, खाली टपरीवर चहा पाजा, म्हणजे तरतरी येईल." त्यांनी ते मायेनेच सांगितले. चौदा-पंधरा तासांचा उपास होता, साखर कमी होण्याची धास्ती माझ्याही मनात होती, त्यामुळे मला ते पटले.

चहाच्या टपरीवरच्या बाकावर मी अण्णांना बसवले आणि बशीत चहा ओतून दिला. त्यांनी पहिला घोट घेतला आणि तो ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळला, पण त्यांना ते कळले नाही. मी पदराने पुसले. दुसरा घोट आत गेला आणि क्षणभर काहीच झाले नाही. मग त्यांना जो खोकला सुरू झाला तो थांबेचना. डोळ्यांतून पाणी आले, चेहरा तांबडा झाला, टपरीवाल्याने पाठ चोळली. तीन-चार मिनिटांनी खोकला थांबला. ठसका लागला, असे मी म्हटले, आणि टपरीवालाही तसेच म्हणाला. आवाज मात्र ओलसर, घोगरा झाला होता. आम्ही गाडीत बसलो आणि तासगाव येईपर्यंत अण्णा झोपून होते.

त्या चहाचे काय झाले, ते मला नंतर समजले. आपण गिळतो तेव्हा घशातले एक झाकण श्वासनलिका बंद करते, आणि चुकून काही तिकडे गेलेच तर घशाला ते जाणवून जोरदार खोकला येतो. लिग्नोकेनचा फवारा ही जाणीवच बधिर करतो. नळी सहन व्हावी म्हणून तो मारतात. त्याचा परिणाम अर्धा ते एक तास टिकू शकतो. त्यावर गुंगीच्या इंजेक्शनाने माणूस सुस्त असेल, तर गिळण्याचा ताळमेळ आणखी बिघडतो. म्हणूनच फवारा मारल्यानंतर साधारण एक तास तोंडाने काहीही द्यायचे नसते. मग ताठ बसवून आधी घोटभर साधे पाणी द्यायचे, आणि ते ठसका न लागता गेले तरच चहा किंवा अन्न. साखर कमी होण्याची भीती असेल, तर हाताला लावलेल्या सुईतून ग्लुकोज देता येते. अण्णांची सुई मावशींनी उठवण्याआधीच काढलेली होती.

रात्री अकराच्या सुमाराला अण्णांना थंडी वाजून ताप भरला. १०२ ताप होता आणि श्वास भरभर चालला होता. मी केंद्राची फाइल उघडली. तिच्यावर छापले होते: "त्रास झाल्यास संपर्क साधावा." कोणता त्रास, किती वेळात, हे काही नव्हते. दोन क्रमांक होते. स्वागतकक्षाचा फोन वाजून वाजून बंद पडला आणि मोबाइल बंद होता. माझ्या यजमानांनी तो क्रमांक सात वेळा लावला.

आमच्या डॉक्टरांनी रात्रीच येऊन छाती तपासली. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी त्यांना आवाज वेगळा लागला आणि रक्तातला ऑक्सिजन ८९ टक्के, म्हणजे कमी भरला. रात्री एक वाजता आम्ही मिरजेच्या रस्त्याला लागलो. मिरज हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, तेथे रुग्णालय उभारणारे मिशनरी डॉ. वॉन्लेस यांच्या काळापासून दवाखान्यांसाठी ओळखले जाते, आणि अशा रात्री ते घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे याचे मोल कळते. तेथील डॉक्टरांनी दुर्बीण तपासणीबद्दल ऐकताच सर्वांत आधी अन्ननलिकेला किंवा जठराला छिद्र पडलेले नाही ना, याची एक्स-रे आणि सीटी स्कॅनने खात्री करून घेतली. छिद्र नव्हते. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया होता. उजवीकडची श्वासनलिकेची शाखा डावीपेक्षा रुंद आणि जास्त सरळ उभी असते, त्यामुळे बसलेल्या माणसाने श्वासाबरोबर ओढलेली वस्तू बहुधा तिकडेच उतरते, असे त्यांनी सांगितले आणि चहाबद्दल विचारले. तोपर्यंत मी चहाचा उल्लेखही केला नव्हता.

अण्णा सहा दिवसांत बरे झाले. ६४ हजार रुपये खर्च आला. त्या दिवसांत जिवाणूवरच्या औषधांचा कोर्सही नव्याने आखावा लागला.

नवव्या दिवशी मी बायोप्सीचा अहवाल आणायला केंद्रात गेले. अहवालात कर्करोग नव्हता, आणि त्या कागदाने आमच्या घरातला घोर उतरला. मग मी डॉक्टरांना भेटून सर्व सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही तोडले नाही आणि बचावही केला नाही. मिरजेचे कागद त्यांनी पहिल्या पानापासून वाचले, एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "मला हे कळलंच नसतं. तुम्ही आला नसता तर आमच्याकडे ही केस व्यवस्थित झाली अशीच नोंद राहिली असती." हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले, कारण माझ्या मते या सेवेतला मूळ दोष त्यातच आहे.

नंतर मी या विषयावर बरेच वाचले. वरच्या, म्हणजे तोंडातून जठरापर्यंतच्या दुर्बीण तपासणीत छिद्र पडण्याचे प्रमाण फार थोडे आहे. अमेरिकेतील एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये ते अडीच हजारांत एक ते अकरा हजारांत एक असे दिले आहे, आणि गुंतागुंतीच्या घटनांपैकी ६० टक्क्यांपर्यंत घटना गुंगीच्या औषधाशी, म्हणजे हृदय आणि श्वसनाशी संबंधित असतात असेही त्यात म्हटले आहे. ही तपासणी सुरक्षित आहे, आणि अण्णांचा अल्सर तिच्यामुळेच सापडला. परंतु गुंतागुंत मोजतो कोण, हा प्रश्न उरतोच. बोस्टनमधील एका मोठ्या रुग्णालयाचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी बाह्यरुग्ण म्हणून आलेल्यांच्या ६,३८३ वरच्या आणि ११,६३२ मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासण्या घेतल्या आणि नंतरच्या १४ दिवसांत कोण तातडीच्या विभागात आले, हे डॉक्टरांच्या आठवणीवर न सोडता संगणकावरच्या नोंदींतून शोधले. तपासणीशी संबंधित अशा १३४ तातडीच्या भेटी निघाल्या आणि ७६ जणांना दाखल करावे लागले होते. डॉक्टरांनी नेहमीच्या पद्धतीने स्वतः नोंदवलेल्या गुंतागुंती होत्या फक्त ३१. वरच्या तपासणीपुरते पाहिले, तर साधारण शंभरात एकाला तपासणीशी संबंधित कारणाने रुग्णालय गाठावे लागले होते.

ज्या रुग्णालयात तातडीचा विभाग आणि संगणकावरच्या नोंदी एकाच छताखाली आहेत, तेथे ही गत. सांगलीतल्या केंद्रात तासगाव, विटा, जत, कवठेमहांकाळ येथून माणसे येतात, दुपारी घरी परततात आणि रात्री त्रास झाला तर जवळच्या डॉक्टरांकडे जातात. ते डॉक्टर केंद्राला कळवत नाहीत, रुग्ण परत जाऊन सांगत नाही, आणि केंद्रातल्या माणसांना प्रामाणिकपणे वाटत राहते, की आपल्याकडे कधी काही होत नाही. मावशी "काही होत नाही ताई" म्हणाल्या तेव्हा त्या खोटे बोलत नव्हत्या. त्यांनी पाजायला सांगितलेल्या चहानंतर कोणाला काय झाले, हे त्यांच्यापर्यंत कधी पोहोचलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक रुग्णाला एक फोन केला, तर हे सगळे कळेल. दिवसाला अकरा फोन, प्रत्येकी दोन मिनिटे.

ऑगस्टमध्ये दुसऱ्या तपासणीची वेळ आली तेव्हा घरात मतभेद झाले. यजमानांना कोल्हापूरला जायचे होते. निर्णय अण्णांनी दिला. ते म्हणाले, "त्या डॉक्टराचा हात चांगला आहे आणि त्यानं चूक मान्य केली. दुसरीकडं गेलो तर परत पहिल्यापासून सगळं." मलाही ते पटले. आधीची छायाचित्रे त्यांच्याकडे होती आणि अल्सर कोठे होता हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले होते.

या खेपेला अनेक गोष्टी बदललेल्या दिसल्या. वेळ ठरवताना फोनवर वय, आजार आणि गोळ्या विचारल्या गेल्या, आणि मधुमेह म्हटल्यावर सकाळी साडेआठची पहिली वेळ मिळाली. ॲसिड कमी करणारी गोळी तपासणीआधी १५ दिवस बंद ठेवायला सांगितली, कारण ती चालू असेल तर जिवाणू असूनही चाचणीत दिसत नाही. हे कारण फोनवरच समजावून सांगितले. संमतीपत्र मराठीत होते. भाषांतर अवघडलेले आहे, पण अण्णांनी ते खुर्चीवर बसून, चष्मा लावून पूर्ण वाचले आणि मग सही केली. डॉक्टरांनी विचारले, की गुंगीशिवाय, फक्त फवाऱ्यावर जमेल का? अण्णा हो म्हणाले. नळी जाताना त्यांना दोन-तीनदा उमासे आले, एवढेच. सिस्टरांनी त्यांचा हात धरला होता आणि प्रत्येक वेळी "नाकानं श्वास घ्या अण्णा, लाळ गळू द्या" असे त्या सांगत होत्या. सात मिनिटांत झाले. सर्वांना हे जमेल असे मी म्हणणार नाही. ज्यांना फार भीती वाटते, त्यांनी गुंगी घेणेच बरे. मात्र वय जास्त असेल आणि छाती नाजूक असेल, तर हा पर्याय आहे का, हे अवश्य विचारावे.

नंतरच्या खोलीत आता पाच खाटा आहेत. अण्णांच्या मनगटावर चिकटपट्टी लावून तिच्यावर पेनाने लिहिले होते: "९.५० पर्यंत तोंडाने काही नाही." त्याच मावशी होत्या. त्यांनी मला ओळखले. दहाला दहा कमी असताना त्या स्वतः पेल्यात पाणी घेऊन आल्या, अण्णांना ताठ बसवले, एक घोट दिला आणि समोर उभ्या राहिल्या. ठसका लागला नाही, तेव्हा त्यांनी दुसरा दिला. त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही बोलले नाही, पण मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जी आपुलकी वाटली ती येथे नोंदवल्याशिवाय राहवत नाही.

अल्सर भरला होता; त्या जागी फिकट वण होता. जिवाणूची चाचणी पिवळीच राहिली.

घरी जाताना मिळालेला कागद आता एका पानाचा आणि मराठीत आहे. घसा दुखणे, पोट फुगल्यासारखे वाटणे, ढेकर येणे हे एक-दोन दिवस चालेल, असे त्यात लिहिले आहे. त्याखाली ठळक अक्षरांत, छातीत किंवा पोटात वाढत जाणारे दुखणे, ताप, धाप, गिळता न येणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचाला होणे, आणि मान सुजून त्वचेखाली कुरकुर लागणे, यांपैकी काहीही झाले तर वाट न पाहता रुग्णालयात जावे, असे आहे. गुंगी घेतलेल्यांनी २४ तास गाडी चालवू नये आणि महत्त्वाच्या कागदांवर सह्या करू नयेत, हेही आहे. माझ्या मते या एका कागदासाठी केंद्राचे अभिनंदन केले पाहिजे. तो आधी असता तर मी चहा दिला नसता.

खर्चाबद्दल तक्रार नाही. पहिल्या वेळी गुंगीसह ४,२०० आणि बायोप्सीचे वेगळे १,५०० झाले, दुसऱ्या वेळी गुंगी नसल्याने ३,००० आणि बायोप्सीचे तेवढेच. दोन्ही वेळा न मागता पावती मिळाली. वाहने लावायला जागा नाही आणि पावसात दारापर्यंत वयस्कर माणसाला भिजतच जावे लागते, याकडेही लक्ष द्यावे.

पाचपैकी गुण द्यायचे झाले, तर तपासणी, स्वच्छता आणि डॉक्टरांचे बोलणे यांसाठी मी पूर्ण पाच देईन. तपासणीनंतरच्या काळजीसाठी जूनमध्ये मी एकही दिला नसता. आज तीन देते. उरलेले दोन कशासाठी राखून ठेवले आहेत, तेही सांगते. दुसऱ्या तपासणीच्या रात्री अण्णा व्यवस्थित होते, भाकरी-भाजी जेवून झोपले होते. तरीही नऊ वाजता मी त्या कागदावरचा क्रमांक लावून पाहिला. तो वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्या दिवशीही केंद्राकडून विचारपूस करणारा फोन आला नाही. या दोन्ही गोष्टी मी पोचपावतीसह पत्राने कळवल्या आहेत. उत्तर आले की हे परीक्षण मी दुरुस्त करीन.